सावडीतून नाव गळालं: दिव्यांग माणसाला गावकामात परत कसं घ्यायचं?

तेरणाकाठ | १२ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू का नको करत होतो.

आमचं गाव तेरणेच्या काठाला. वडिलांच्या काळापासून आमची पाच घरांची सावड आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आज पाचही घरांनी तुमच्या शेतात राबायचं, उद्या माझ्या. पैसा द्यायचा नाही, घ्यायचा नाही, दिवसाला दिवस फेडायचा. पेरणी, खुरपणी, सोयाबीनची काढणी सगळं असंच निघतं. दुपारचं जेवण ज्याचं शेत त्याच्या घरचं.

माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. चार वर्षांमागं ऑक्टोबरात सोयाबीनची रास, म्हणजे मळणी, चालू होती. पाऊस येईल म्हणून रात्री घाई केली आणि मळणी यंत्रात त्यांचा उजवा हात कोपराखालून गेला. त्या वर्षी बाकीची चार घरं धावून आली. आमची सगळी रास त्यांनी काढून दिली आणि एक दिवससुद्धा फेडून घेतला नाही. ते ऋण मी विसरणार नाही.

पण पुढच्या मृगाआधी मारुतीच्या पारावर सावडीची बैठक बसली, तेव्हा अण्णांना कुणी बोलावलं नाही. आमच्या घरचा गडी म्हणून माझं नाव धरलं. वाईट कुणीच बोललं नाही. 'अण्णा, तुम्ही आता आराम करा,' एवढंच. अण्णा पंचेचाळीस वर्षांचे आहेत.

परवा यंदाची बैठक झाली. अण्णा दळण घेऊन पाराजवळून आले. घरी येऊन म्हणाले, 'पाराखाली पाच जोड चपला होत्या.' त्यावर काही बोलले नाहीत. आधी त्यांचा जोड तिथं असायचा, माझा नाही.

प्रमाणपत्र, कार्ड, अनुदान हे सगळं झालंय, त्यासाठी हा धागा नाही. एका हाताच्या माणसाला सावडीत कसं घ्यायचं, तुमच्या गावात कुणी केलंय का, हे विचारायलोय.

---

काळी_माती | १२ मे, रात्री १०:१५

वाईट वाटलं वाचून. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

सावड म्हणजे बरोबरीचा व्यवहार. ज्या घरात दोन धडधाकट गडी आहेत त्यांनी दोन दिवस द्यायचे आणि बदल्यात अर्धा दिवस घ्यायचा, हे एक वर्ष चालेल. तिसऱ्या वर्षी कुरबुर सुरू होणार आणि सावडच मोडणार. आमच्याकडं एका घरात म्हातारपणामुळं असंच झालं. मदत करायची तर उघड मदत म्हणून करावी, सावडीत मिसळू नये.

---

बालाघाट | १२ मे, रात्री ११:०२

काळी_माती, तुमचा मुद्दा मला चांगला माहीत आहे, कारण आमच्या भागात तो हिशोबातच आहे. मी बीड जिल्ह्यातला. ऊसतोडीला आमच्याकडं माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाची उचल, म्हणजे टोळी नेणाऱ्यानं आगाऊ दिलेला पैसा, त्यावरच ठरते.

माझ्या चुलत बहिणीच्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. ती अर्ध्या कोयत्यातही बसली नाही. दरवर्षी दिवाळीनंतर गाड्या भरल्या की ती आणि आजी मागं राहायच्या. पाच-सहा महिने निम्मं गाव रिकामं असतं. त्या रिकाम्या गावात ती आजीचं औषधपाणी बघायची, तीन घरच्या शेळ्या सांभाळायची, मागं राहिलेल्या लेकरांना शाळेत धाडायची, त्यांचं जेवण करायची. कुणी तिला दिवस धरला नाही. एकदा तिच्या भावानं मला सांगितलं, 'ती घरीच असते, काही करत नाही.' ती तिथं नसती तर ती पोरं फडावर गेली असती आणि त्यांची शाळा सुटली असती.

माझं म्हणणं एवढंच, की सावडीचं माप कोणी ठरवलं? कापणीची पेंढी मोजता येते म्हणून तेवढंच काम का?

---

पांढरी_काठी | १३ मे, सकाळी ७:२०

मला जन्मापासून दिसत नाही. हा धागा मला माझा फोन वाचून दाखवतो. मी छत्रपती संभाजीनगरात एका बँकेत नोकरीला आहे.

तेरणाकाठ दादा, तुमची कळकळ पोचली. पण एक विचारतो. पूर्ण धाग्यात अण्णांना काय करायचंय ते कुठंच नाही. तुम्ही त्यांना विचारलं का?

हे टोचायला विचारत नाही. माझ्या आयुष्यात हेच झालं. परीक्षा दिली, लेखनिक घेतला, दर तासाला २० मिनिटं जादा मिळतात ती घेतली, ४ टक्के आरक्षणातून नोकरी लागली. गाव आनंदलं. पहिल्या शाखेत पोचलो तर साहेब अगदी प्रेमानं म्हणाले, 'तुम्ही फक्त येत जा, सही करा, बसा.' जवळपास दोन वर्षं मी तसाच बसलो. चहा यायचा, पगार यायचा, काम यायचं नाही. एकाही माणसानं मला त्रास दिला नाही आणि ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट दिवस होते. पुढं बदली झाली. तिथल्या एका बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, 'तुम्हाला संगणकावर काय काय येतं आणि काय लावून द्यावं लागेल?' पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लागतं म्हणालो. आठ दिवसांत ते बसवलं आणि आता कर्जाच्या थकबाकीचं काम माझ्याकडं आहे. कायद्यानं मला दारापर्यंत आणलं. आत काम त्या एका प्रश्नामुळं मिळालं.

म्हणून म्हणतो, आधी अण्णांना विचारा. आणि विचारताना 'तुम्हाला जमेल का' असं विचारू नका. 'तुम्ही काय घेता' असं विचारा.

---

खडू_फळा | १३ मे, दुपारी ४:५०

पांढरी_काठी सरांशी पूर्ण सहमत. मी परभणी जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. शेतीतलं मला फारसं कळत नाही, शाळेतलं सांगते.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिला ऐकू येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सहा ते अठरा वयाच्या अशा मुलांना जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्यांच्या पसंतीनं, मोफत शिकता येतं. आईवडिलांनी गावातलीच शाळा निवडली. पहिले दोन महिने मी तिला पहिल्या बाकावर बसवून ओठांकडं बघायला लावलं आणि वाटलं, झालं माझं काम. मग लक्षात आलं की फळ्यावर लिहिताना मी वर्गाकडं पाठ फिरवून बोलते. तिला तेव्हा काहीच मिळत नव्हतं. आता आधी लिहिते, मग वळून बोलते. एवढासा बदल, पण तो सुचायला मला दोन महिने लागले याची खंत वाटते.

खुणा मात्र पोरांनी माझ्याआधी शिकल्या. वर्गात गप्प बसून बोलता येतं हे कळल्यावर सगळ्यांनाच ती भाषा हवी झाली.

रॅम्पबद्दल एक लिहितेच. आमच्या शाळेला रॅम्प आहे, कागदावर शाळा सुगम आहे. पण तो इतका उभा आहे की चाकाची खुर्ची चढवायला दोन माणसं लागतात आणि उतरताना भीती वाटते. नियम सोपा आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. दोन फुटांच्या जोत्याला चोवीस फूट. आमच्याकडं तेवढ्याच उंचीला आठ फुटांत उरकलंय. गवंड्याला कुणी सांगितलंच नाही. तुमच्या गावात शाळा, पंचायत, समाजमंदिर बांधायला काढलं असेल तर काँक्रीट ओतायच्या आधी टेप घेऊन जा. नंतर तोडायला कुणी पैसे देत नाही.

---

दप्तर | १३ मे, रात्री ८:३०

मी ग्रामपंचायतीत काम करतो, कुठल्या ते राहू द्या.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बहुतेक ठिकाणी हे मार्चमध्ये आठवतं. मग यादीतल्या प्रत्येकाला सारखी वाटणी, हजार-दोन हजारांचा धनादेश, फोटो, संपलं. मी स्वतः अशी वाटणी केलेली आहे. माणसं नाराज होत नाहीत, पण त्यातून काही उभंही राहत नाही.

ग्रामसभेत दिव्यांगांनी स्वतः येऊन आधी मागणी नोंदवली तर वेगळं करता येतं. अडचण अशी की सभा भरते वरच्या मजल्यावर. गेल्या वर्षी आम्ही ती खाली, शाळेच्या पटांगणात घेतली. पहिल्यांदाच चार जण आले. एकानं पिठाच्या गिरणीसाठी मागितलं, एका बाईनं संडासाच्या भांड्याशेजारी धरायला लोखंडी दांडा मागितला. दांड्याला किती खर्च? पण यादी करणाऱ्यांपैकी कुणाला तो कधी सुचला नव्हता.

तेरणाकाठ, तुमच्या भावाचा हात यंत्रात गेला तेव्हा गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचा अर्ज केला होता का? एक हात किंवा पाय निकामी झाला तर १ लाख, दोन अवयव किंवा मृत्यू असेल तर २ लाख मिळतात. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत कृषी कार्यालयात जावं लागतं. घरचे दवाखान्यात असतात आणि मुदत निघून जाते, असं कितीदा बघितलंय. वाचणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, राशीचे दिवस दरवर्षी येतात.

---

माळवद | १३ मे, रात्री ११:१०

झोप येत नाही म्हणून लिहिते.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाट व्हायची होती. आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. मी नऊ वर्षांची. आईला बाहेर काढलं तेव्हा तिला कमरेखाली काही कळत नव्हतं. पाठीचा मणका गेला होता.

दहा हजारांच्या आसपास माणसं गेली असं सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. जी जगली पण उठून चालू शकली नाहीत, त्यांच्याबद्दल कमी बोललं जातं. नवीन गाव झालं, रुंद रस्ते, पक्की घरं. पण प्रत्येक दाराला उंबरा आणि दारासमोर पायऱ्या. भूकंपानं जिला बसवलं तिला भूकंपानंतरच्या घरातून बाहेर पडता येईना.

वडिलांनी एक दिवस छिन्नी-हातोडी घेतली आणि उंबरा फोडला. शेजारचे म्हातारे रागावले, उंबरा फोडू नये, लक्ष्मी जाते म्हणाले. वडील म्हणाले, 'माझी लक्ष्मी आत अडकलीय.' दारापुढं मुरूम टाकून लांब उतार केला. आई फळीला चाकं लावून बाहेर आली, पुढं खुर्ची मिळाली. मग तिनं दारात शिवणयंत्र मागितलं. पायानं चालणारं तिला जमेना, तर हातानं फिरवायचं. गावातल्या निम्म्या पोरींची परकर-पोलकी तिनं शिवली. लग्नसराईत लोक तिच्यासाठी थांबायचे, दुसरीकडं जायचे नाहीत.

आई २०१५ ला गेली. तिच्या दारासारखी अजून तीन दारं झाली होती तोवर.

---

पैठण_नाका | १४ मे, सकाळी ९:०५

माळवद ताई, वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

आमच्या पैठणचे संत कूर्मदास आठवले. हातपाय नव्हते. पोटानं सरपटत पंढरीला निघाले आणि लऊळला पोचेपर्यंत एकादशी आली. पुढं सरकवेना. त्यांनी वारकऱ्यांजवळ निरोप दिला आणि विठ्ठल स्वतः लऊळला आला, अशी कथा आहे. लहानपणी कीर्तनात ऐकताना मला कूर्मदासांच्या जिद्दीचं वाटायचं. आता वाटतं की कथेत अजून दोन गोष्टी आहेत. कुणी त्यांना 'तुम्ही घरी बसा, तुमच्या वतीनं आम्ही दर्शन घेतो' म्हणालं नाही. आणि जेव्हा वाट संपली तेव्हा हलला तो देव.

---

काळी_माती | १४ मे, दुपारी १:३०

मी वर जे लिहिलं ते मागं घेत नाही, व्यवहार हा प्रश्न राहतोच. पण बालाघाट यांचं 'माप कोणी ठरवलं' हे डोक्यातून जाईना. आमच्या सावडीत ज्याच्याकडं बैलजोडी आहे त्याचा औताचा दिवस माणसाच्या दोन दिवसांना धरतात. म्हणजे माप सगळ्यांना एकच कधीच नव्हतं. हे मला परवा लिहिताना आठवायला हवं होतं.

---

गोदाकाठची_आई | १४ मे, संध्याकाळी ६:४५

मी नांदेडची. मुलगा एकोणीस वर्षांचा, बौद्धिक अक्षमता आहे. इथं बहुतेक बोलणं ज्यांना स्वतःचं म्हणणं सांगता येतं त्यांच्याबद्दल चाललंय, म्हणून लिहिते.

माझ्या मुलाला 'तू काय घेतोस' विचारलं तर तो हसतो. त्याचं उत्तर बघून घ्यावं लागतं. आमच्या गल्लीत एका लग्नात तो पंगतीत जग घेऊन उठला आणि पाणी वाढायला लागला. मी ओढून बसवणार होते, कारण सांडलं तर लोक काय म्हणतील. नवरीचे आजोबा म्हणाले, 'असू द्या, वाढू द्या.' त्यानं एका बाजूनं सुरुवात केली आणि एकही पान चुकवलं नाही. आता गल्लीत कार्य असलं की पाणी त्याचं. घरी निमंत्रण येतं ते त्याच्या नावानं. कधी सांडतं. पुसतात.

एक व्यावहारिक सांगते, कारण मला कुणी वेळेत सांगितलं नव्हतं. अशा मुलांचे आपण आईबाप असलो तरी अठरा पूर्ण झाल्यावर कायद्यानं आपोआप पालक राहत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडं पालकत्वासाठी अर्ज करता येतो. तो बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. त्याच न्यासाची निरामय विमा योजना आहे, १ लाखापर्यंतची. मुलगा सतरा वर्षांचा झाला की कागद गोळा करायला लागा.

---

तेरणाकाठ | १९ मे, रात्री १०:२०

उशीर झाला, माफ करा. सगळे प्रतिसाद अण्णांना वाचून दाखवले. माळवद ताईंचा मला पूर्ण वाचता आला नाही, उरलेला त्यांनीच वाचला.

पांढरी_काठी सर, तुम्ही म्हणालात तसं विचारलं. 'अण्णा, सावडीत तुम्ही काय घेता?' चार वर्षांत मी हे विचारलं नव्हतं. ते लगेच बोलायला लागले, म्हणजे उत्तर कधीचं तयार होतं.

पहिलं, पाचही घरांच्या सोयाबीनची उगवण तपासणी. आमच्याकडं बरेच जण घरचंच बी पेरतात आणि न तपासता पेरतात. दोन वर्षांमागं एका घराला दुबार पेरणी करावी लागली होती, ती अण्णांच्या डोक्यात आहे. दुसरं, बीजप्रक्रिया, म्हणजे पेरायच्या आधी बियाला औषध लावणं, आणि कुणाच्या रानात ओल किती गेली ते बघून पेरणीचा क्रम लावणं. तिसरं, रास. मी म्हणलं, रास नको. त्यावर ते पहिल्यांदा माझ्यावर चिडले. म्हणाले, 'यंत्रापाशी कुणी उभं राहायचं, कधी बंद करायचं हे मीच सांगणार. रात्री रास करायची नाही. सैल बाहीचा माणूस पुढं नको. तोंडाशी घास आत ढकलायला हात घालायचा नाही, वर झाकण असलेला लांब पत्रा पाहिजे.' तो पत्रा आमच्या यंत्राला कधी नव्हताच.

काल परत पारावर बसलो. या वेळी अण्णा होते. गोड शेवट झाला असं लिहिणार नाही. तीन घरं लगेच हो म्हणाली. एका घरानं तपासणीचा दिवस अर्धाच धरणार असं सांगितलं आणि त्यावर बराच वाद झाला. बैलाच्या दिवसाचं उदाहरण मी तिथं दिलं, काळी_माती, तुमचं नाव न घेता. शेवटी ठरलं असं: तपासणी आणि क्रम लावणं मिळून प्रत्येक घराकडं एक पूर्ण दिवस, राशीवर उभं राहणं रोजच्यासारखा दिवस. ते घर अजून कां-कूं करतंय. यंदा बघू म्हणाले.

आणि खुरपणीत अण्णा नाहीत, ते त्यांनी स्वतःच सोडलं. 'ते माझ्यानं नेटानं होणार नाही, उगं दिवस भरायला बसणार नाही,' म्हणाले.

---

बालाघाट | १९ मे, रात्री १०:५५

त्या चौथ्या घराचं बी चांगलं उगवू द्या, म्हणजे कां-कूं संपेल.

बहिणीला हा धागा पाठवलाय. ती विचारते, अण्णा उगवण कशी तपासतात? आमच्याकडं या वर्षी घरचं बी आहे आणि तपासायची तिची तयारी आहे.

---

तेरणाकाठ | २० मे, सकाळी ६:३०

ताईंसाठी. अण्णा सांगतायत, मी लिहितोय.

पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ मूठ बी घ्या, नुसतं वरचं नको. त्यातले शंभर दाणे मोजा. निवडून चांगले घेऊ नका, हाताला येतील तसे. गोणपाट भिजवून पिळून घ्या, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी लावा, वरून दुसरं ओलं गोणपाट घाला आणि गुंडाळी करून सावलीत ठेवा. एका हातानं गुंडाळता येतं, एक टोक पायाखाली धरायचं.

पाचव्या-सहाव्या दिवशी उघडा. चांगला कोंब आलेले तेवढेच मोजा, वाकडे-कुजके सोडा. सत्तर किंवा जास्त निघाले तर एकरी ३० किलो पुरे. साठ निघाले तर ३५ किलोपर्यंत वाढवा. त्याच्याही खाली गेलं तर ते बी पेरू नका, बाजारात द्या.

पोती आपटू नका म्हणावं, सोयाबीनची साल पातळ असते. आणि गोणपाट रोज संध्याकाळी शिंपडून ओलं ठेवा, पाणी साचू देऊ नका.